मापात पाप

विमानाच्या तिकिटावर दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात. एक वेळ, दुसरा वर्ग. दोन्हींचे पैसे आपल्याकडून आधीच मोजून घेतलेले असतात आणि दोन्ही पदरात पडतात तेव्हा माप कमी भरतं. बेळगावच्या खडे बाजारात एखाद्या दुकानदारानं अर्धा किलो कुंदा म्हणून चारशे ग्रॅम बांधून दिला, तर आपण तिथंच उभं राहून त्याला जाब विचारू. शेजारचा दुकानदारही आपल्याच बाजूनं बोलेल. पण तीच लबाडी तीस हजार फुटांवर, टाय लावलेल्या माणसानं हसून केली की आपण म्हणतो, ‘जाऊ दे’. या ‘जाऊ दे’बद्दल मला बोलायचं आहे, आणि जरा कडकच बोलायचं आहे.

आधी एका आक्षेपाला उत्तर देते, कारण तो हटकून येणार. ‘बिझनेस क्लासनं फिरणाऱ्या बायकांचं कसलं आलंय दुःख? एवढे पैसे आहेत तर सोसा थोडं!’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पडद्याआड कोण बसलंय ते बघावं. कंपन्यांचे साहेब असतातच. पण त्यांच्या शेजारी आपल्यातल्या बायकाही असतात. कुणी मुलीच्या बाळंतपणाला निघालेली, कुणी सुनेला सहा महिने मदत करून परत येणारी. पंचावन्न, साठ, पासष्ट वय. गुडघे गेलेले, पायाला सूज, एकटीचा प्रवास. लेक तिकडून म्हणते, ‘आई, चौदा तास पाय लोंबकळत बसू नकोस, मी काढते तिकीट.’ ते पैसे लेकीनं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले असतात. त्याला चैन म्हणू नका. ते गुडघ्यांचं भाडं आहे. आणि समजा चैन असली, तरी पैसे पुरते घेतलेत ना? मग माल पुरता द्यायला नको?

आता वेळेचं बघू.

तिकीट काढताना मोबाईलवर दिसतं की मधल्या विमानतळावर एक तास आहे. आपल्याला वाटतं, तास म्हणजे तास. तसं नसतं. प्रत्येक विमानतळासाठी एका विमानातून दुसऱ्यात जायला कमीत कमी किती वेळ लागतो, याचा एक आकडा ठरलेला असतो. त्याला ‘मिनिमम कनेक्शन टाईम’ म्हणतात. तो विमानतळ आणि विमान कंपन्या मिळून ठरवतात आणि तिकीट विकणाऱ्या यंत्रणेत भरून ठेवतात. फ्रँकफुर्टसारख्या अवाढव्य विमानतळावर हा आकडा पंचेचाळीस मिनिटांचा आहे. म्हणजे पन्नास मिनिटांच्या अंतराची दोन विमानं एकाच तिकिटावर विकली, तर ते नियमात बसतं. कागदावर सगळं ठीक.

आता घरचा हिशेब करते तसा करून बघूया. साठ मिनिटं हातात. पुढच्या विमानाचं दार सुटायच्या साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. राहिली चाळीस. मोठ्या विमानातून माणसं उतरायला पंधरा मिनिटं. राहिली पंचवीस. विमान लांब उभं केलं तर बसमधून टर्मिनलला यायचं, त्यात दहा गेली. राहिली पंधरा. परत एकदा सुरक्षा तपासणी. पट्टे, बांगड्या, बूट, पर्स, औषधांची पिशवी. रांगेत पुढं पन्नास माणसं. आता काय राहिलं? आणि या हिशेबात पहिलं विमान वेळेवर आलं, असं धरलंय. ते वीस मिनिटं उशिरा आलं तर गणित सुरू व्हायच्या आधीच बुडालं.

हा आकडा कुणाच्या पायांवर बेतलेला आहे, हा माझा प्रश्न आहे. धावू शकणाऱ्या, इंग्रजी पाट्या झटकन वाचणाऱ्या, खांद्यावर एकच बॅग असलेल्या तरुण माणसाच्या. आमच्या अक्काच्या नव्हे. उलट जिला जास्त वेळ लागतो, तिलाच कमी मिळतो. व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाला चढवतात सगळ्यांच्या आधी, पण उतरवतात बहुतेक वेळा सगळ्यांच्या शेवटी. माझी नणंद अशीच बसून राहिली होती. साडेतीनशे माणसं उतरून गेली, सफाईवाले आत आले, तरी खुर्ची ढकलणारा यायचा होता. तिकीट पुढच्या वर्गाचं, उतरणं सर्वांत मागून. पुढच्या विमानाचं दार तोवर मिटलं होतं.

माझ्या स्वतःच्या प्रवासात आखाती देशातल्या एका विमानतळावर तिकिटानुसार सत्तर मिनिटं होती. पहिलं विमान पंचवीस मिनिटं उशिरा पोचलं. बस, तपासणी, सरकते पट्टे, आणि मी गेटवर पोचले तेव्हा विमान काचेतून समोर दिसत होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, यू आर लेट.’ मी लेट? तुमचं विमान लेट, तुमची बस लेट, तुमची रांग लांब, आणि उशीर माझ्या नावावर? पुढचं विमान अकरा तासांनी मिळालं. तिकडं लेकीला दिवस भरलेले. तिचा नवरा विमानतळावर येऊन माघारी गेला, आणि मी रात्रभर एका कोचावर फोन हातात धरून बसले. कंपनीच्या लेखी तो ‘रिबुकिंग’चा एक किरकोळ प्रकार होता.

परतीचा मार्ग तर आपल्यासारख्या गावांना आणखी महाग पडतो. परदेशातून मुंबईला किंवा बेंगळुरूला उतरलं की आधी इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा काढायच्या, कस्टममधून बाहेर यायचं, बॅगा परत द्यायच्या, परत तपासणी. देशातल्या विमानांचं सामान घेणं सुटायच्या पाऊण ते एक तास आधीच बंद होतं. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्याचं विमान चुकलं तर थोड्या वेळानं दुसरं असतं. बेळगाव किंवा ग्वाल्हेरच्या बाईचं चुकलं तर? दिवसाला मोजकी विमानं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, नाहीतर रात्रीची बस धरा. मोठ्या शहरांसाठी ठरवलेली मिनिटं लहान गावांना लावायची आणि वर प्रवाशालाच हळू म्हणायचं, याला मी व्यवस्था म्हणत नाही.

हवामान कुणाच्या हातात नसतं, धुकं पडलं तर पायलट काय करणार, हे मलाही कळतं. त्याबद्दल माझं भांडणच नाही. पण रोज उशिरा येणारं विमान रोजच्याच अपुऱ्या अंतरानं पुढच्या विमानाला जोडून विकायचं, यात धुक्याचा काय संबंध? तो विकणाऱ्याचा निर्णय आहे. आणि निर्णय ज्याचा, भुर्दंड त्याचा.

आता वर्गाचं.

पुढच्या वर्गात तीन गोष्टी विकल्या जातात: आडवं होता येईल अशी जागा, आपल्या सोयीनं जेवण, आणि माणूस म्हणून थोडी विचारपूस. जाहिरातीत पांढरी चादर, चिनी मातीच्या बशा आणि हसणारी मुलगी असते. मी काही ठिकाणी हे सगळं नीट मिळालेलंही बघितलंय, नाही म्हणत नाही. पण जेवणाच्या बाबतीत आपल्या बायकांच्या वाट्याला जे येतं, ते ऐकून घ्या.

जगभरच्या विमान कंपन्यांत खास जेवणांना ठरलेली संक्षिप्त नावं आहेत. जैन जेवणाचं नाव ‘व्हीजेएमएल’. त्यात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, कुठलंही कंदमूळ चालत नाही. ‘हिंदू मील’ नावाचा वेगळा प्रकार आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी मांसाहारी असतो, फक्त गोमांस नसतं. ‘हिंदू’ शब्द वाचून तो मागवलेल्या आपल्या बायका मला भेटल्यात. ‘एशियन व्हेजिटेरियन’ शाकाहारी असतं, पण त्यात कांदा-बटाटा असतो. म्हणजे आपण काय खातो हे कंपन्यांना माहीत नाही, असं कुणी म्हणू नये. त्यांच्याकडे त्याचं नाव आहे, यादी आहे, मागवायची मुदत आहे, बहुतेक ठिकाणी निदान चोवीस तास आधी. आम्ही ती मुदत पाळतो. मोबाईलवर ‘कन्फर्म्ड’ असं येतं. आणि विमानात ताट समोर येतं ते बटाट्याच्या रश्श्याचं.

माझ्यापुढं असंच आलं. मी सांगितलं, हे जैन जेवण नाही. उत्तर मिळालं, ‘इट इज व्हेज, मॅडम.’ मी परत सांगितलं. मग सुपरवायझर आला. म्हणाला, जेवण खालूनच चढवलं नाही, चूक केटररची. म्हणजे घराच्या दारात पाहुणा उपाशी, आणि घरधनी सांगतोय की चूक आचाऱ्याची! शेवटी एक केळं आणि चार द्राक्षं आली. सव्वादोन लाखांच्या तिकिटात.

‘मग डबा न्यावा ना!’ हे आणखी एक उत्तर आपल्यातलेच देतात. अहो, नेतोच. दशम्या, खाकरे, शेंगांची चटणी बिनलसणाची, सगळं पिशवीत असतं. आपल्या आज्या तीर्थयात्रेला निघताना आठवड्याचं बांधून घ्यायच्या, आम्हाला डबा शिकवायची गरज नाही. पण रेल्वेत कुणी जैन जेवणाचे पैसे घेऊन डब्यावर जगायला सांगत नव्हतं. डबा ही माझी सावधगिरी झाली. ती कंपनीची सुटका होऊ शकत नाही. माझ्या दशम्यांच्या जोरावर तिनं तिचं ताट वाचवायचं, हे कुठलं गणित?

आणि वेळेचा प्रश्न जेवणातही आहेच. आपल्यातल्या कित्येकींचा रात्रीभोजनाचा त्याग असतो. पहाटे चारला सुटलेल्या विमानात पाचला ताट आलं, तर ती एवढंच म्हणते, ‘सूर्योदय झाला की द्या.’ पुढच्या वर्गाच्या जाहिरातीत हेच तर विकतात, ‘तुम्हाला हवं तेव्हा जेवा’. तरी आमच्या एका मैत्रिणीला उत्तर मिळालं, ‘सर्व्हिस आता संपते.’ कुणी दारू हवी तेव्हा मागावी, ती मिळते. कुणी झोपेतून उठून नूडल्स मागावेत, तेही मिळतात. सूर्य उगवल्यावर पोळी मागितली की नियम आठवतो. खिडकीतून उजेड दिसायला लागला तेव्हा तिचं ताट कधीच कचऱ्यात गेलं होतं.

पाठशाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांनाही अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाठ असतात. घ्यायचं माप एक आणि द्यायचं दुसरं ठेवणं, हा हीनाधिक मानोन्मान. चांगल्यात हलकं मिसळून चांगलं म्हणून विकणं, हा प्रतिरूपक व्यवहार. आपला समाज पिढ्यान् पिढ्या दुकानं चालवत आला. गल्ल्यावर बसायच्या आधी हे शिकवलं जायचं. मग पंचेचाळीस मिनिटांचं कनेक्शन सुखरूप प्रवास म्हणून विकणं, आणि बटाट्याचा रस्सा जैन जेवण म्हणून ठेवणं, याला दुसरं काय नाव द्यायचं? दुकान हवेत उडतं म्हणून चोरी पावन होत नाही.

इथं काहीजणी म्हणतील, आपण क्षमा मानणारी माणसं, कशाला एवढं धरून बसायचं? दशलक्षणात उत्तम क्षमा पहिली आहे, हे मीही दरवर्षी ऐकते. पण क्षमा मनातला राग सोडायला सांगते, पावती सोडायला नाही. ताट घेऊन आलेली ती तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, तिच्यावर ओरडायचं अजिबात कारण नाही. तिनं ताट चढवलेलं नाही, वेळापत्रक बनवलेलं नाही, तीही रात्रभर उभी आहे. तिच्याशी गोड बोला. हिशेब कंपनीशी करा, लेखी करा.

आणि तो करता येतो. आपल्या बायकांना वाटतं, परदेशी कंपनी, मोठे वकील, आपण कुठं लढणार? मग हे ऐका. २०२४ साली हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगानं एका परदेशी विमान कंपनीला दणका दिला. एक दाम्पत्य बिझनेस क्लासनं ऑस्ट्रेलियाला निघालं होतं, त्यांच्या खुर्च्या आडव्या होण्याची यंत्रणाच बंद होती. कंपनीनं पॉइंट देऊ केले, त्यांनी ते नाकारले. आयोगानं प्रत्येकी ४८,७५० रुपये व्याजासकट परत करायला सांगितले, शिवाय मनस्तापाचे एक लाख. तक्रार करणारे पोलीस खात्यातले बडे अधिकारी होते, हे खरं. पण ज्या कायद्यानं त्यांना हे मिळालं, तो तुमच्या-माझ्यासाठीही तोच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, नुसार आपण जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस कुठं का असेना. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. तिकीट पुढच्या वर्गाचं आणि बसवलं मागं, असं झालं तर २०२३ पासून डीजीसीएचा स्पष्ट नियम आहे: देशातल्या प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत, आणि परदेश प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के. परदेश प्रवासात उशिरामुळं झालेल्या नुकसानीची जबाबदारी माँट्रियल कराराप्रमाणे कंपनीवर येते, आणि भारत २००९ पासून त्या करारात आहे. युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून निघालात, सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे, आणि कंपनीच्या दोषानं कनेक्शन चुकून शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर तिथल्या नियमाप्रमाणे अंतर बघून २५० ते ६०० युरो मिळू शकतात. तिथं वर्ग कुठला हे कुणी विचारत नाही. आपल्याकडेही चुकलेल्या कनेक्शनसाठी असाच रोकडा, आकड्यांत सांगितलेला नियम हवा. तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.

कंपन्यांकडून माझी मागणी फार नाही. वय आणि व्हीलचेअर तिकिटावर नोंदवली असेल, तर त्या प्रवाशाला कमी अंतराचं कनेक्शन विकूच नका. विकलंत, तर उतरवताना पहिलं उतरवा. खास जेवण चढवलं नसेल तर विमान सुटायच्या आधी सांगा, म्हणजे बाई विमानतळावरच काही खाईल. आणि न दिलेल्या वस्तूचे पैसे मागितल्याविना परत करा. आपल्या वाण्याला हे जमतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडून एवढंच करायचं. मुलांना सांगायचं की दोन्ही विमानं एकाच तिकिटावर काढा, मध्ये तीन तास ठेवा, शंभर-दीडशे डॉलर वाचतात म्हणून आईला पळवू नका. दोन वेगळ्या तिकिटांवर पुढचं विमान चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते. जैन जेवणाच्या ‘कन्फर्म्ड’चा फोटो जवळ ठेवायचा. चुकीचं ताट आलं तर त्याचाही काढायचा. गेटवर ‘यू आर लेट’ म्हटलं तर पहिलं विमान किती उशिरा आलं ते लिहून मागायचं. पॉइंट, व्हाउचर घाईत स्वीकारायचे नाहीत. घरी आल्यावर आठ दिवसांत पत्र धाडायचं, इंग्रजी येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यायचं, पण सही आपली.

घरचे म्हणतील, ‘अगं, कशाला वाढवतेस? ॲडजस्ट कर.’ आपण सासरी ॲडजस्ट केलं, चुलीवर केलं, एका न्हाणीघरात दहा माणसांत केलं. त्यात निदान माणसं आपली होती आणि कुणी त्याचं भाडं घेत नव्हतं. विमान कंपनी आपली सासू नव्हे. ती आपल्या गप्प बसण्याला समाधान धरते आणि पुढच्या वेळी माप आणखी थोडं कमी करते. तेव्हा बाजारात करतो तेच इथंही करायचं. तराजूकडे बघायचं, आणि काटा मधोमध येईपर्यंत पिशवी पुढं करायची नाही.